सचिव साळिंदर यांस

साळिंदर या प्राण्याशी मनोहररावांचे काही वाकडे नव्हते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात आवक-जावक विभागात चौतीस वर्षे काढताना त्यांनी अजगर पाहिला होता, रानडुक्कर पाहिले होते आणि अधीक्षक अभियंते तर सहा पाहिले होते. साळिंदर तेवढे पाहायचे राहिले होते. ते त्यांना निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, मनीषनगरातल्या स्वतःच्याच अपार्टमेंटच्या जिन्यात, तळमजल्यावरच्या नत्थूजींच्या मोबाइलमधल्या एका खेळात भेटले. त्याच्या नाकाच्या टोकावर चष्मा होता, खिशाला एक लाल आणि एक निळे पेन होते, आणि ते नोटीसबोर्डावर कागदाला टाचणी लावत होते.

नत्थूजींचे इतवारीत भांड्यांचे दुकान. माणूस भला, पण आवाज मात्र दिवसभर पातेल्यांच्या राशीत उभे राहून बोलण्याचा. त्यांनी जिन्यातूनच चारही मजल्यांना ऐकू जाईल असे विचारले, "सेक्रेटरीसाहेब, हे तुमीच व्हय न जी? आमची पोरगी खुशी म्हणते, साऱ्या दुनियेच्या पोट्ट्या तुमच्यावर फिदा होऊन राहिल्या."

मनोहररावांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला (आणि तसा घेतल्याबद्दल त्यांना लगेच पस्तावा झाला) आणि साळिंदराने लावलेली नोटीस वाचली. ‘गच्चीवर वाळत घातलेल्या पापड-कुरडयांची जबाबदारी सोसायटीची राहणार नाही. तथापि, कावळे हाकलण्यासाठी काठी जिन्यात ठेवली आहे.’ ही नोटीस त्यांचीच होती. गेल्या एप्रिलमधली, जावक क्रमांक बावीस. मूळ नोटिशीत माकडे होती. पण खेळात माकड हे ‘ब’ विंगचे सन्माननीय सभासद असल्याने त्यांच्या जागी कावळे घातले होते, एवढाच काय तो फरक.

हा उद्योग कोणाचा, हे शोधायला पोलीस लागणार नव्हते. मनोहररावांची कन्या श्वेता पुण्याची चांगली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी आली होती आणि मैत्रिणींबरोबर संगणकावर ‘जोडीवन’ नावाचा खेळ बनवत होती. घरात तो ‘प्राण्यांचा खेळ’ म्हणून ओळखला जाई, आणि मनोहररावांची समजूत अशी होती की सापशिडीत फक्त साप असतात, यात आणखी चार जनावरे असतील. खरा प्रकार असा होता की खेळणाराने भेकर, म्हणजे एक छोटे हरीण, व्हायचे, प्राण्यांच्या एका सोसायटीत भाड्याने राहायला यायचे आणि तिथल्या एखाद्या रहिवाशाशी सूत जमवायचे. रहिवाशांत एक लाजाळू पाणमांजर होते, एक मध विकणारे अस्वल होते आणि एक व्यायामशाळा चालवणारा मोर होता. मोरावर श्वेताने आठ महिने घातले होते. साळिंदराला तिने एका दुपारी काढले, कारण नोटीसबोर्डासमोर कोणीतरी उभे असायला हवे होते, आणि त्याच्या तोंडी घालायला मजकूर तयारच होता. तिने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटातून बापाच्या सहा वर्षांच्या नोटिसा उचलल्या. साळिंदराशी कोणाला सूत जमवता येत नव्हते. ते फक्त नोटिसा लावत असे.

आणि लोकांनी मोराकडे ढुंकूनही पाहिले नाही. सगळ्यांना साळिंदर हवे होते.

मनोहरराव जाब विचारायला गेले तेव्हा श्वेताने शांतपणे लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पोलंडच्या एका बाईंनी लिहिले होते की साळिंदराशी लग्न करता येत नाही हे कळल्यापासून आपण नीट जेवलेलो नाही. ब्राझीलच्या एका तरुणाने ‘तथापि’ हा शब्द दंडावर गोंदवून घेतला होता आणि त्याचा फोटो जोडला होता. देवनागरी सुबक होती, हे मनोहररावांना मान्य करावे लागले. कोल्हापूरच्या एकीने लिहिले होते, हा प्राणी आधी रागावतो आणि मग काठी ठेवतो, असा माणूस मला बत्तीस स्थळांत मिळाला नाही. साळिंदराला विवाहयोग्य करा, या मागणीच्या खाली अकरा हजार सह्या होत्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत मनोहररावांच्या एकाही मागणीला एवढ्या सह्या मिळाल्या नव्हत्या.

"बाबा, तुम्ही सांगाल तं मी काढून टाकतो त्याले," श्वेता म्हणाली. तिचा आवाज पडला होता. नागपूरच्या पोरी बोलताना ‘मी काढतो’ म्हणतात, त्यात तिचा दोष नाही. "पण मंग खेळ बसन. लोक त्याच्याचसाठी येऊन राहिले. पुढच्या महिन्यात पयल्या शुक्रवारी नवीन भाग टाकायचा हाय, तवापर्यंत सांगा."

सारा पेच एवढाच होता. साळिंदर राहिले तर बापाची अब्रू जाणार आणि साळिंदर गेले तर पोरीची दोन वर्षे जाणार. शहाण्या माणसाने अशा वेळी एक तर परवानगी दिली असती किंवा नाकारली असती. मनोहरराव आयुष्यभर आवक-जावकमध्ये होते, त्यामुळे त्यांनी तिसरा मार्ग काढला. आलेल्या प्रत्येक पत्राला सात दिवसांच्या आत लेखी उत्तर गेले पाहिजे, असा नियम आहे. इथे हजारो पत्रे येऊन पडली होती आणि एकालाही उत्तर गेले नव्हते. लोक चेकाळतील नाही तर काय करतील? वस्तुस्थिती एकदा अधिकृतपणे कळवली की प्रकरण आपोआप दप्तरी दाखल होते, हा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणले, त्यावर लाल पेनाने रेघा मारल्या आणि श्वेताच्या लॅपटॉपसमोर बसले.

पोलंडला गेलेले पहिले उत्तर असे होते: ‘आपला अभिप्राय मिळाला. सदर साळिंदर विवाहयोग्य नसून सेवानिवृत्त आहे. या विषयावर पुढील पत्रव्यवहार करू नये. तथापि, आपण जेवून घ्यावे.’

इंग्रजी भाषांतर यंत्राने केले. ‘तथापि’ त्यांनी तसेच ठेवायला लावले, कारण ब्राझीलमध्ये तो शब्द आता कायमस्वरूपी नोंदला गेला होता.

प्रकरण दप्तरी दाखल झाले नाही. साळिंदर स्वतः उत्तर देते, ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे पसरली आणि लोक साळिंदराचे उत्तर मिळावे एवढ्याचसाठी पत्रे लिहू लागले. पुढील पत्रव्यवहार करू नये, हे वाक्य तर त्यांना प्रेमाची कबुलीच वाटली. जपानच्या एका आजोबांनी गुडघ्यांचे दुखणे कळवले. कॅनडाच्या एका मुलीने परीक्षेत नापास झाल्याचे कळवले. मनोहररावांनी दोघांनाही खेळाच्या कक्षेबाहेरचा विषय असल्याचे बजावले, तथापि आजोबांना तिळाचे तेल आणि मुलीला पहाटेचा अभ्यास सुचवला. खेळ चौपट लोक खेळू लागले. मनोहरराव सकाळी आठला रजिस्टर उघडत ते दुपारी जेवायला हाक आली तरी उठत नसत. आपण वैतागलो आहोत असे ते सर्वांना सांगत. पण इस्त्रीचा सदरा घालून वैतागायला बसणारा माणूस गोपिकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, प्रथमच पाहिला. इस्त्री अर्थातच त्याच करीत होत्या.

अब्रूचे मात्र दिवसागणिक धिंडवडे निघत होते. नत्थूजींनी मोठ्या मनाने सल्ला दिला की, रागावण्यापेक्षा साळिंदराच्या चित्राचे डबे काढू, इतवारीत हातोहात जातील. आणि सल्ला द्यायच्या आधीच त्यांनी नमुन्याचे दोन डझन करून घेतले होते. पहिल्या मजल्यावरच्या मेघाताईंचे म्हणणे पडले की मूळ दोष मनोहररावांच्या केसांत आहे, ते असे उभे राहतात म्हणून सारखेपणा दिसतो, तेव्हा रोज खोबरेल लावून बसवावेत. मनोहररावांनी आठवडाभर तेही केले. त्याने सारखेपणा कमी झाला नाही. फक्त तेल लावलेल्या साळिंदरासारखे दिसतात, असे मेघाताईंनीच सगळ्यांना सांगितले. मग तिसऱ्या मजल्यावरचे ओमप्रकाशजी म्हणाले, "मनोहरभाऊ, सीधी कंप्लेंट ठोका. बदनामी म्हणजे बदनामी." ओमप्रकाशजींनी आयुष्यात एकही तक्रार केलेली नव्हती, त्यामुळे तक्रारींवर त्यांचा फार विश्वास होता.

मुलीविरुद्ध तक्रार करायची नाही, फक्त अज्ञात प्रेम करणाऱ्यांविरुद्ध करायची, असे ठरवून मनोहरराव तक्रार नोंदवणाऱ्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाबूने नेमके काय झाले ते विचारले. मनोहररावांनी आवाज खाली आणून सांगितले की देशोदेशीचे लोक आपल्यावर प्रेम करून राहिले आहेत. बाबूने त्यांच्याकडे वर-खाली पाहिले आणि पुरावा मागितला. मोबाइल पाहून तो म्हणाला, "हे तं साळिंदर हाय. तुमचा काय संबंध?"

"ते मीच हाय," मनोहरराव म्हणाले. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना पुढे काढल्या.

बाबूने मग नियम समजावला. अर्जदार साळिंदर नसेल तर त्याची बदनामी झालेलीच नाही, त्यामुळे तक्रार घेता येत नाही. अर्जदार साळिंदर असेल तर त्याने तसे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे, दोन फोटो लावावेत, एक समोरून आणि एक बाजूने, आणि ओळख पटवणारे दोन शेजारी आणावेत. आपण चौतीस वर्षांत रचलेल्या एकाही पत्रात असे बिनतोड त्रांगडे साधले नव्हते, हे मनोहररावांच्या लक्षात आले आणि त्या स्थितीतही त्यांना त्या बाबूबद्दल आदर वाटला. ते प्रतिज्ञापत्राचा नमुना घेऊन घरी आले. तेवीस रकाने होते. ‘मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की उपरोक्त साळिंदर मीच आहे,’ हे वाक्य आधीच छापून घेतल्यासारखे त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होते. त्यांनी तो नमुना कपाटात ठेवून दिला.

तो तिथेच राहिला असता, पण मधे आवक क्रमांक चारशे सतरा आले.

हे पत्र मराठीत होते, हीच एक नवलाची गोष्ट. खाली नाव होते, मनकर्णा. मजकूर असा: ‘साळिंदर साहेबांशी लग्नाची सोय नको. त्यांचे लग्न झालेले असणार, कारण त्यांच्या सदऱ्याला रोज इस्त्री असते आणि ती त्यांना करता येत असेल असे वाटत नाही. सगळ्या सोसायटीच्या पापडांची त्यांना काळजी आहे, ते चांगलेच आहे. फक्त खेळात एवढे करावे की घरातल्या बाईने ‘आजचे जेवण कसे झाले’ असे विचारले, तर त्यांनी एकदा कागद खाली ठेवून उत्तर द्यावे. बाकी काही मागणे नाही.’

मनोहररावांनी हे वाचले तेव्हा दीड वाजून गेला होता. स्वयंपाकघरातून गोपिकाबाईंची जेवायला तिसरी हाक आली होती, भरीत थंड होत होते, आणि आणखी सहा पत्रे उरली होती. त्यांनी घाईघाईने उत्तर ठोकले: ‘अभिप्राय मिळाला. साळिंदराच्या गृहव्यवस्थेबाबत खेळात तरतूद नाही. मागणी अमान्य.’ आणि ते रजिस्टर हातात घेऊनच जेवायला बसले. गोपिकाबाईंनी विचारले, भरीत कसे झाले. मनोहरराव पान उलटत ‘हूं’ म्हणाले.

चूक दुसऱ्या दिवशी उघडकीला आली आणि ती पहिल्यांदा त्या ब्राझीलच्या दंडवाल्याच्या लक्षात आली. चारशेहून अधिक उत्तरांत हे एकच असे होते की ज्यात ‘तथापि’ नव्हते. साळिंदराने पोलंडला जेवायला सांगितले, जपानला तेल सांगितले आणि मनकर्णा नावाच्या बाईला, जिने सर्वांत कमी मागितले होते, कोरडे हाकलले. लोक खवळले. ज्यांनी पाच तारे दिले होते ते परत येऊन एक देऊ लागले. ‘मनकर्णाला तथापि द्या’ अशी मागणी अकरा भाषांत फिरू लागली. पोलंडच्या बाईंनी पुन्हा जेवण सोडले. गुरुवारी दुपारपर्यंत खेळ इतका घसरला की श्वेताच्या एका मैत्रिणीने फोनवर रडून घेतले.

श्वेता बापासमोर येऊन उभी राहिली. ती रागावली होती, पण रागाहूनही दुसरे काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होते आणि ते मनोहररावांना वाचता आले नाही. "बाबा, एक ओळ लिहा तिले. एकच ओळ."

"निघालेला आदेश बदलता येत नाही. अर्जदारानं अपील केलं पायजे. केलं का तिनं अपील?"

"ती नाई करत अपील. तिनं आजपर्यंत कधीच केलं नाई." श्वेताने लॅपटॉप त्यांच्यापुढे सारला. "अर्जदार कोण हाय ते तं पाहा."

"कोनी का असना. नियम साऱ्यायले सारखा," मनोहरराव म्हणाले. यावर श्वेताने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तिथे गोपिकाबाई उभ्या होत्या आणि त्यांनी मान हलवून लेकीला गप्प केले. मनोहररावांना हे दिसले. पण मायलेकींच्या माना दिवसातून दहादा हलतात, त्याची कोण नोंद ठेवणार?

मात्र त्यांचा जीव आता खरोखर विटला. खेळ बुडत होता, पोरीचा चेहरा उतरला होता, आणि या सगळ्याला एक काटेरी जनावर कारण होते. उद्या नव्या भागाचा शुक्रवार. त्यांनी ठरवले की प्रतिज्ञापत्र भरायचे, साळिंदर आपणच असल्याचे कबूल करायचे, फोटो दोन्ही बाजूंनी काढून घ्यायचे आणि तक्रार नोंदवून हे झेंगट कायमचे मिटवायचे. कपाटातून नमुना काढून ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि निळ्या पेनाने भरू लागले. नाव, वय, निवृत्तीचा दिनांक, रक्तगट. हा नमुना सर्व कामांना एकच असावा, कारण एकोणिसाव्या रकान्यात विचारले होते: पत्नीचे विवाहापूर्वीचे नाव.

मनोहररावांचे पेन थांबले. त्यांना वीज केंद्राच्या एकोणनव्वद सालच्या जावक पत्रांचे क्रमांक आठवत होते. गोपिका हे नाव त्यांनीच ठेवले होते हेही आठवत होते. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीने ते लिहिले होते, ‘पि’ची वेलांटी ताटाबाहेर गेली म्हणून वऱ्हाडी हसले होते. त्याआधी तिला काय म्हणत? सासुरवाडीला सगळे तिला ‘बाई’च म्हणत, पत्रिकेत काहीतरी छापले असणार, पण छत्तीस वर्षांपूर्वीची पत्रिका कोण वाचतो.

"काय वं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "तुह्यं माहेरचं नाव काय व्हतं?"

आत पोळी लाटण्याचा आवाज थांबला.

"मनकर्णा," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि पोळी लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मनोहररावांनी ते नाव रकान्यात लिहायला घेतले. ‘मन’ लिहून झाले. मग त्यांनी पेन ठेवले, रजिस्टर ओढले आणि आवक क्रमांक चारशे सतरा काढला. तिथे त्यांच्याच अक्षरात लाल पेनाने शेरा होता, अमान्य. वेळ, दुपारी एक बेचाळीस. त्यांना एकदम फार लाज वाटली, जिन्यात वाटली होती तिच्याहून कितीतरी जास्त, आणि ही लाज कोणत्याही खिडकीवर नोंदवता येण्यासारखी नव्हती. अकरा भाषांतल्या लोकांना जे दिसले होते ते त्यांना घरात बसून दिसले नव्हते. पोलंडची बाई जेवली की नाही याची ते चौकशी करीत होते आणि त्यांच्या स्वतःच्या ताटात भरीत वाढणारी बाई टोपणनावाने नाही, आपल्या खऱ्या नावाने अर्ज करीत होती.

त्यांनी प्रतिज्ञापत्राची नीट चौपदरी घडी घातली आणि ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. मग श्वेताचा लॅपटॉप घेतला. श्वेता पलीकडच्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अगदी मन लावून पाहत होती. मनोहररावांना एरवी चार ओळींना चार मिनिटे पुरत. आज पाऊण तास लागला, आणि तो सारा वेळ ते एका बोटाने लिहीत आणि त्याच बोटाने पुसत होते.

‘संदर्भ: आवक क्रमांक ४१७. श्रीमती मनकर्णा यांस. आपली मागणी घाईने अमान्य करण्यात आली होती. ती चूक साळिंदराची आहे. साळिंदरास काटे असले तरी जिभेला चव आहे. तथापि, हे कळवण्यास छत्तीस वर्षे उशीर झाला. त्या दिवशीचे भरीत उत्तम झाले होते. त्याआधीचेही सर्व.’

हे पाठवले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर गोपिकाबाईंचा फोन वाजला.

पोळी लाटण्याचा आवाज थांबला. मनोहररावांच्या समोर वर्तमानपत्र पडले होते. त्यांचा हात सवयीने त्याकडे गेला, मग तो त्यांनी मांडीवर ठेवला. आतून नाक ओढल्यासारखा आवाज आला, तो फोडणीचाही असू शकेल. मग गोपिकाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. गेली सहा वर्षे सोसायटीतल्या प्रत्येक नोटिशीखाली त्यांनी मुकाट्याने सही करून दिली होती, कारण पोच दिल्याशिवाय सेक्रेटरीसाहेब दारातून हलत नसत.

"मिळालं मले," त्या म्हणाल्या. "पोच लेखी लागन का?"

मनोहररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तोंडी चालन," ते म्हणाले.